थोरलीची पाटी

बाईंचा राग नाकावर असतो असं त्यांच्या ओळखीतले सगळे म्हणतात, आणि ते साफ खोटं आहे. नाकावर असता तर एखाद्या शिंकेसरशी उडून तरी गेला असता. बाईंचा राग पायात असतो. त्यांनी उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला, शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून, आणि त्या सीटसमोर त्यांच्यासाठी एक वेगळा ब्रेक बसवलेला होता. राग आला की बाईंचा पाय आपोआप त्या ब्रेकवर जायचा. घरात खुर्चीवर बसून बोलतानाही एखाद्याचं बोलणं पटलं नाही, तर त्या जमिनीवर पाय दाबत. समोरच्याला ते कळायचं आणि तो तिथल्या तिथे थांबायचा.

माणसांची नावं बाईंच्या लक्षात राहत नसत. प्रत्येकाचा दोष मात्र पक्का ध्यानात राहायचा, आणि त्यावरून त्या नाव ठेवत. दिव्याच्या खांबाला गाडी लावणारा खांबठोक्या. गियर बदलताना जीभ बाहेर काढणारी जिभली. आणि एक होता डोळेमिट्या. समोर काही आलं की हा पोरगा दोन्ही पाय वर घ्यायचा, डोळे घट्ट मिटायचा आणि ओरडायचा, "बाई, ब्रेक!" बाई ब्रेक दाबायच्या, गाडी थांबायची, मग तो एक डोळा हळूच उघडून बघायचा. अशाला शिकवताना बाईंच्या नाकी नऊ आले होते. पण शिकवलं, आणि परवाना मिळेपर्यंत सोडलं नाही.

ही सगळी मंडळी एकाच गाडीवर शिकली. ती गाडी म्हणजे थोरली. फिकट पिवळी, गोल पाठीची, आता कोणी बनवत नाही अशी. बाईंच्या थोरल्या भावाने, म्हणजे दादांनी, ती तरुणपणी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून आणली आणि स्वतःच्या वेल्डिंगच्या दुकानात चालती केली. वहिनी लग्न होऊन घरात आल्या, तेव्हा पहिल्या सकाळी नवरा कुठे दिसेना. शोधल्यावर गाडीखालून त्याचे पाय दिसले. "ही माझ्या आधीची," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे ही थोरली." तेव्हापासून गाडीचं नाव थोरली पडलं, आणि वहिनी आयुष्यभर तिचा उल्लेख सवतीचा करावा तसाच करत राहिल्या.

बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. त्यांनी गाडी शिकवायचं ठरवलं तेव्हा शेजारच्यांनी नाकं मुरडली. पहिल्याच शिकाऊ माणसाने थोरली गटाराच्या कडेला नेऊन लोंबकळत ठेवली. दादांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं आणि बाहेर आले तेव्हा थोरलीला दुसरा ब्रेक बसला होता. शेजारच्या सीटपुढे एक पेडल, तिथून मूळ ब्रेकला जोडणारी सळई, आणि हे सगळं तोलून धरणारी एक जाड लोखंडी पट्टी. ती पट्टी इंजिन आणि सीट यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीला बोल्टने आवळलेली.

"ह्याचे बोल्ट आता कधी सोडायचे नाहीत," दादांनी बजावलं होतं. "सोडावे लागलेच, तर मला विचारून सोडा."

दादा गेले, आणि विचारायला कोणी उरलं नाही. ब्रेकचे बोल्ट काही कोणी सोडले नाहीत.

तर असं सगळं चाललेलं असताना सरकारी कचेरीतून फर्मान निघालं. ठरावीक वयाच्या वरच्या सगळ्या गाड्या मोडीत. मोडीत म्हणजे गावाबाहेर जे यंत्र आणून ठेवलं होतं त्यात घालायच्या. ते यंत्र गाडी दाबून तिची पेटी करतं. ज्या गाड्या 'जुन्या आणि अस्सल' ठरतील त्यांना तेवढी सूट. अस्सल कोणती आणि कोणती नाही हे ठरवायला समिती. आणि समितीची पहिली अट अशी, की गाडी बनवणाऱ्या कंपनीची ओळखीची पाटी गाडीवर पाहिजे. बोटभर रुंदीचा, चार कोपऱ्यांत रिव्हेट मारलेला पत्रा, त्यावर नंबर.

थोरलीवर ती पाटी नव्हती. कधीपासून नव्हती, हे कोणाला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिची गरज पडली नव्हती. गाडी धावत होती, माणसं शिकत होती, पाटीकडे बघतो कोण?

तपासणी एका मोठ्या मैदानावर होती. बाई थोरली चालवत घेऊन गेल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पायात कापडी बूट, मागच्या सीटवर वहिनी आणि पाण्याची बाटली. मैदानात शिरल्याबरोबर बाईंचा पाय दाबला गेला, कारण तिथे उभ्या असलेल्या गाड्यांपैकी एकही स्वतःच्या चाकांवर आलेली नव्हती. सगळ्या ट्रकच्या पाठीवर बसून आल्या होत्या, पांघरुणं घेऊन. ट्रकवरून उतरताना एकेकीला चारचार माणसं हात देत होती. आजारी माणसाला इस्पितळात नेतानाही इतकं जपत नाहीत.

आणि परीक्षक म्हणून कोण यावा? डोळेमिट्या. केस पांढरे, शर्टाला कडक इस्त्री, हातात भिंग. बाईंना बघून तो ओळखीचं हसला, पण ते हसू त्याने लगेच घडी घालून ठेवून दिलं, कारण शेजारी समितीची बाकीची माणसं होती.

त्याने थोरलीचं झाकण उघडलं. भिंग लावलं. पत्र्याच्या भिंतीवर बोट फिरवलं.

"बाई, पाटी नाही."

"नाहीच आहे," बाई म्हणाल्या.

"इथे रिव्हेटची भोकं दिसतात. म्हणजे पाटी होती, ती काढलेली आहे. आणि हे बोल्ट मूळचे नाहीत."

"ते माझ्या ब्रेकचे बोल्ट. ह्याच ब्रेकमुळे तू आज भिंग धरायला शिल्लक आहेस."

समितीतला एकजण हसला. डोळेमिट्याचे कान लाल झाले. त्याने कागदावर काहीतरी खरडलं आणि चेहरा कोरा ठेवून वाचून दाखवलं. ओळखीची पाटी गहाळ. मूळ रचनेत बदल, दुसरा ब्रेक, काढून टाकावा. पुढच्या तपासणीपर्यंत पूर्तता न झाल्यास वाहन मोडीत.

"गाडीची ओळख पटत नाही, बाई. माझ्या हातात काही नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओळख पटत नाही म्हणे. ज्याने ह्याच स्टिअरिंगला घामाने भिजवलं, ज्याच्या घाबरटपणाच्या गोष्टी वहिनी अजून सांगतात, त्याला गाडीची ओळख पटत नाही. बाई बोलणार होत्या, खूप बोलणार होत्या, पण तो पुढच्या गाडीकडे गेलाही होता.

पुढची गाडी लालभडक होती, उघड्या टपाची. तिच्यात स्वतःचा चेहरा बघून भांग पाडावा इतकी चकचकीत. मालक एक गोरागोमटा कारखानदार, भलताच बोलका. बाईंना जवळ बोलावून तो कौतुकाने सांगू लागला, की त्याला आधी भंगारवाल्याकडे पाटी सापडली. नुसती पाटी. मग त्या पाटीला शोभेल अशी गाडी त्याने बनवून घेतली. इंजिन एकीकडचं, दारं दुसरीकडची, बाकीचा पत्रा नवाच ठोकलेला.

"म्हणजे नाव आधी ठेवलंत," बाई म्हणाल्या, "आणि पोर मागून आणलंत?"

"तसंच म्हणा," तो खूश होऊन म्हणाला. त्याला ती दाद वाटली.

डोळेमिट्याने लाल गाडीच्या पाटीला भिंग लावलं, चारही रिव्हेट मोजले आणि गाडी अस्सल ठरवली. मालकाच्या गळ्यात हात टाकून लोकांनी फोटो काढले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? आणि हे सगळं दिवसाढवळ्या, टाळ्या वाजवत.

बाई परत निघाल्या तेव्हा फाटकापाशी एका माणसाने थोरलीच्या खिडकीवर टकटक केलं. बोटांत अंगठ्या, आवाज तुपासारखा.

"आजी, पाटी हवी ना? गाडीच्या कागदांवर नंबर असेलच. तो द्या. तशीच्या तशी पाटी करून देतो. वर थोडा गंज चढवून देतो, अगदी त्या काळची दिसेल."

"आणि तुमच्या त्या भिंगाला कळत नाही?"

"भिंग पाटी आहे का बघतं. पाटी कुठून आली ते बघत नाही. अर्ध्या मैदानाला मीच पाट्या लावल्यात."

बाईंनी काच वर केली. त्याची अंगठीची बोटं थोडक्यात वाचली.

घरी आल्यावर त्यांनी जेवण धड केलं नाही. वहिनी समोर बसून शेंगा सोलत होत्या. वहिनींचा स्वभाव नेमका उलटा. घर जळायला लागलं तर त्या आधी दूध उतरवतील आणि मग हाक मारतील.

"घ्या की करून खोटी," वहिनी म्हणाल्या. "कोण बघतंय? गाडी तर वाचेल."

"वहिनी, तुम्हीसुद्धा?"

"मी काय वेगळं बोलले? नंबर तर आपलाच असणार."

"नंबर आपला, पत्रा त्याचा, गंज त्याचा, आणि त्यावर माझी सही. मी आयुष्यभर पोरांना सांगत आले, आरशात मागे न बघता वळू नका. आणि आता मीच न बघता वळू?" बाईंनी टेबलावर हात आपटला. "खोटी पाटी लावली की गाडी खरी, आणि नाही लावली की गाडी खोटी. हा कुठला न्याय झाला? त्या लालभडक्याचा एक खिळा त्याच्या जन्माच्या वेळचा नाही. माझ्या थोरलीच्या सीटवर दादांच्या डब्याचं तेल सांडलेलं आहे, ते अजून निघालेलं नाही. ते नाही का कोणी भिंगातून बघत?"

"वन्सं, हळू. टेबल डुगडुगतंय."

टेबल खरोखरच डुगडुगत होतं. हात आपटल्याने एका पायाखालची चकती सरकली होती. वहिनी कुरकुरत वाकल्या आणि त्यांनी ती परत पायाखाली सारली. पॉलिशच्या डबीचं झाकण होतं ते, ठोकून सपाट केलेलं.

"सगळ्या घरात ह्यांची झाकणं," वहिनी म्हणाल्या. "फट दिसली की जीव नुसता कासावीस व्हायचा. कपाटाखाली बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. दाराच्या बिजागरीत माझी चांगली स्टीलची ताटली कापून घातली. हाताशी जे सापडेल ते. दुसरीकडे जाऊन आणायचं म्हणून नाही."

बाईंचा हात टेबलावरच राहिला.

हाताशी जे सापडेल ते. दादा दुसरा ब्रेक बसवत होते, तेव्हा त्यांच्या हाताशी काय होतं? ती लोखंडी पट्टी बसवायची म्हणजे तिचे बोल्ट जिथून आरपार जाणार तिथली पाटी आधी काढावी लागणार. पत्र्याची भिंत काही सपाट नाही. पट्टी तिच्यावर नीट बसणार नाही, मागे फट राहणार. आणि दादांना फट दिसली, तर...

"वहिनी," बाई म्हणाल्या, "टॉर्च कुठे आहे?"

सकाळी उजाडताच दोघी म्हाताऱ्या थोरलीत शिरल्या. बाई सीटखाली आडव्या, डोकं पेडलपाशी, हातात पाना. वहिनी वाकून टॉर्च धरून, मधूनमधून आपल्या गुडघ्यांना शिव्या देत. बोल्ट इतक्या वर्षांचे, ते काही सरळ हलणार नव्हते. बाईंनी तेल सोडलं, थांबल्या, पाना लावला, पुन्हा तेल सोडलं. शेवटी पट्टी सुटली. तिच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून, दादांनी घातलेला पत्रा होता. बाईंनी नखाने तो सोडवला आणि उलटा केला.

कंपनीचं नाव. खाली नंबर. काळवंडलेली, पण पाटी तीच.

"काखेत कळसा," वहिनी म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मग लगेच म्हणाल्या, "काय मेला माणूस. सांगून तरी जायचं."

बाईंच्या डोळ्यांतही पाणी होतं, पण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. बोल्ट जाण्यासाठी दादांनी पाटीला भोकं पाडली होती. एक भोक कोऱ्या जागेत. दुसरं बरोबर नंबरात. पुढचे आकडे होते, मागचे होते, मधले दोन गेलेले. तिथे नुसतं गोल भोक.

ब्रेक परत बसवायचा बाईंनी प्रयत्न केला. पण मागचा पत्रा काढल्यावर ती पट्टी हलायला लागली, कितीही आवळली तरी. दादांनी उगीच नव्हता घातला तो. अर्धवट हलणाऱ्या ब्रेकपेक्षा नसलेला बरा, असं म्हणून बाईंनी पेडल, सळई आणि पट्टी फडक्यात गुंडाळून मागे ठेवलं.

पुढच्या तपासणीला त्या वहिनींना घेऊन गेल्या त्या दिवशी थोरलीत दुसरा ब्रेक नव्हता आणि बाईंच्या मुठीत पाटी होती.

डोळेमिट्याने पाटी हातात घेतली. बराच वेळ बघितली. कागदावरच्या नंबराशी ताडून बघितली. समितीची माणसं त्याच्या खांद्यावरून डोकावत होती, आणि त्यांच्यामागे तो अंगठीवाला.

"बाकीचे आकडे जुळतात," तो शेवटी म्हणाला. "पण मधले दोन नाहीत. नंबर अपूर्ण आहे. शिवाय पाटी जागेवर नाही, सुटी आहे. बाई, मला वाईट वाटतं. पण अशा पाटीवर खात्री देता येत नाही."

"आणि ह्याने करून दिलेल्या पाटीवर देता येते?" बाईंनी अंगठीवाल्याकडे बोट केलं. अंगठीवाला लगबगीने दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागला.

"त्याबद्दल मला काही माहीत नाही."

"माहीत नाही की माहीत करून घ्यायचं नाही?" बाईंचा आवाज चढला. मैदानावरची माणसं वळून बघू लागली, आणि बाईंना त्याचं काही नव्हतं. "मला एक सांग. तू इतक्या वर्षांनी माझ्यासमोर आलास. केस पांढरे, पोट सुटलेलं. मी तुला ओळखलं की नाही? तुझ्या कपाळावर कुठे पाटी होती? मी तुझे दात मोजले का? पुढचे आहेत, मागचे आहेत, मधले दोन दिसत नाहीत, सबब हा तो नव्हे, असं म्हटलं का?"

ह्या वेळी हसायला कोणी धजलं नाही.

"नियम मी केलेले नाहीत, बाई."

"नियम बदल असं मी कुठे म्हणतेय? नियम पाळ. तुमच्याच कागदावर छापलंय, वाहन चालवून पाहावे. सकाळपासून किती चालवलीत?"

एकही चालवली नव्हती. ट्रकवरून उतरवायची, भिंग लावायचं, पुन्हा ट्रकवर चढवायची. डोळेमिट्याने सहकाऱ्यांकडे पाहिलं. सहकाऱ्यांनी कागदाकडे पाहिलं. छापलं तर होतं.

"बस," बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या सीटवर जाऊन दार लावून घेतलं. "मैदानाला एक फेरी. आधीच सांगते, आज माझ्या बाजूला ब्रेक नाही. लक्षात ठेव."

"हो, हो," तो म्हणाला. हे 'हो, हो' बाईंनी त्याच्या विशीतही ऐकलं होतं.

तो बसला. आणि मग एक गंमत झाली. थोरलीचा दुसरा गियर सरळ पडत नाही. आधी थोडं स्वतःकडे ओढायचं, जरा थांबायचं, मग ढकलायचं. नव्या माणसाला हे सांगावं लागतं. डोळेमिट्याला कोणी सांगितलं नाही. त्याचा हात आपसूक ओढून, थांबून, ढकलून मोकळा झाला, आणि आपण काय केलं हे त्याला नंतर कळलं. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

अर्धी फेरी झाली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पोरकट आनंद पसरायला लागला. इस्त्रीचा ताठा उतरला. वळणावर त्याने एक हात खिडकीतसुद्धा ठेवला, जे बाईंनी कधी कोणाला करू दिलं नव्हतं.

तेवढ्यात ट्रकांच्या रांगेतून एक ट्रक मागे न बघता उलटा निघाला, थेट त्यांच्या वाटेत. ट्रकच्या पाठीवर ती लालभडक गाडी बांधलेली.

डोळेमिट्याचे दोन्ही पाय वर गेले. डोळे घट्ट मिटले.

"बाई, ब्रेक!"

बाईंचा पाय खाली गेला. इतक्या वर्षांत तो जिथे गेला तिथे ब्रेक होता. आज तिथे नुसती जमीन होती. बूट पत्र्यावर आपटला आणि थोरली तशीच पुढे जात राहिली. बाईंच्या बाजूला काही म्हणजे काही नव्हतं. हँडब्रेकसुद्धा त्याच्या पलीकडे.

"माझ्याकडे नाही," बाई कडाडल्या. "तुझ्या पायाखाली आहे. डोळे उघड आणि दाब."

त्याने उघडले. त्याने दाबला. दोन्ही पायांनी, जिवाच्या आकांताने. थोरली कण्हली, मागचा भाग उचलल्यासारखा झाला, आणि ती ट्रकच्या शेपटीपासून वितीभर अंतरावर उभी राहिली. वर ट्रकवर लाल गाडी आपल्या दोऱ्यांत डुलत होती. तिला ओरखडाही आला नाही.

डोळेमिट्याच्या शर्टाची पाठ सीटला चिकटली होती. बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"बाई," तो अखेर म्हणाला, "तुमचा ब्रेक कुठे गेला?"

"तूच काढायला सांगितलास," बाई म्हणाल्या. "मूळचा नाही म्हणून."

त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला, मग त्या फिकट पिवळ्या पत्र्यावर, मग कपाळावर. मग तो खाली उतरून समितीकडे गेला. कोणीतरी त्याला पुन्हा नंबराचं काही विचारलं. तो त्या माणसावर असा काही खेकसला, की कडेला उभ्या असलेल्या वहिनींनी नंतर सांगितलं, "वन्सं, मला वाटलं तुम्हीच ओरडलात."

"मी शिकलो ती हीच गाडी आहे," तो म्हणाला. "मी सांगतोय. आणखी कोणाची खात्री पाहिजे?"

कागदावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. वाहन अस्सल. मूळ रचनेत बदल, दुसरा ब्रेक. आणि मागच्या वेळच्या आपल्याच 'काढून टाकावा' ह्या शब्दांवर काट मारून वर लिहिलं, काढू नये. खाली सही केली, वळणदार, एकदम साहेबी.

बाईंचा राग तेवढ्याने गेला असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने बाईंना ओळखलं नाही. एक गाडी वाचली, त्यासाठी परीक्षकाची पाठ ओली व्हावी लागली. ज्या गाड्यांवर कोणी डोळेमिट्या शिकला नाही त्यांचं काय, असं त्या वाटेत बोलत होत्या, आणि बोलता बोलता डोळेमिट्यालाच त्यांनी गाडीत घातलं. पट्टी धरायला माणूस लागतो. वहिनींचे गुडघे आता पुरे झाले होते.

दादांच्या बंद दुकानासमोर परीक्षकसाहेब थोरलीच्या सीटखाली आडवे झाले, इस्त्रीच्या शर्टासकट. बाईंनी पाटी पुसली. तिच्यावरचं नाव एकदा वाचलं, भोकाच्या अलीकडचे आकडे वाचले, पलीकडचे वाचले. मग ती उलटी करून, दादांनी ठेवली होती तिथेच, पट्टीच्या पाठीमागे घातली आणि बोल्ट आवळायला घेतले. पट्टी तसूभरही हलेना.

"बाई, पाटी आत गेली," खालून डोळेमिट्याचा आवाज आला. "पुढच्या तपासणीला दुसरा कोणी परीक्षक असला तर? त्याला दाखवणार काय?"

बाईंनी सीटवर बसून पेडलवर पाय ठेवला आणि दाबून पाहिला. दादांनी बसवला होता तसाच, घट्ट.

"त्याला म्हणावं, आधी चालवायला बस," त्या म्हणाल्या. "मी आहे बाजूला."